टीचर, उगवलं का?

मागच्या शुक्रवारी, १७ एप्रिलला, आमच्या केजीच्या वर्गातली वसंत ऋतूची थीम एकदाची संपली. सात आठवडे चालली. आधीची दोन वर्षं मी मदतनीस होते, म्हणजे प्लॅन दुसऱ्या टीचर करायच्या आणि मी कात्र्या मोजून परत घ्यायचे, त्यामुळे सगळं माहीतच आहे असं मला वाटत होतं. यंदा पहिल्यांदा चोवीस मुलं आणि पूर्ण थीम माझ्या एकटीच्या अंगावर आली. नेटवर शोधलं तर सगळीकडे एकाच उंचीची हिरवीगार रोपं आणि हसणारी मुलं. आमचे चोवीसपैकी नऊ ग्लास पहिल्या पाच दिवसांत बुरशीने गेले, तो फोटो कोणी टाकत नाही. म्हणून हे लिहितेय, पुढच्या वर्षी कोणीतरी माझ्यासारखी रात्री अकरा वाजता "बी उगवत नाही काय करू" असं सर्च करत असेल तिच्यासाठी.

सुरुवात कागदांपासून. १६ फेब्रुवारीला मी थीमचा प्लॅन दिला. पाच पानी फॉर्म असतो, उद्दिष्टं, साहित्य, सुरक्षितता, खर्च, मूल्यमापन. तो दोनदा परत आला. पहिल्यांदा कारण मी उद्दिष्टात लिहिलं होतं "मुलांना वसंत ऋतूची माहिती होईल". मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, झाली की नाही हे तुम्हाला कसं कळणार? राग आला मला, पण प्रश्न बरोबर होता. मग बदलून लिहिलं, "मूल दोन दिवसांच्या चित्रांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगेल", "मूल दोऱ्याने लांबी मोजून कमी-जास्त सांगेल", अशी दिसणारी, ऐकू येणारी वाक्यं. दुसऱ्यांदा परत आला कारण माती आणि पाण्यासाठी रोज पाऊण तास मागितला होता आणि "एवढा वेळ कशासाठी" असा शेरा होता. तेव्हा मी फ्रोबेलचा आधार घेतला. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी संस्था काढली तिला १८४० मध्ये त्याने किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं, आणि त्याच्या कल्पनेत खरीखुरी बाग होती, प्रत्येक मुलाचा छोटा वाफा आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक. मी लिहिलं की ज्याच्या नावातच बाग आहे तिथे मातीला पाऊण तास जास्त नाही. २५ फेब्रुवारीला सही झाली. फॉर्म भरताना थोडा इतिहास ठेवावा खिशात, उपयोग होतो.

पालकांची परवानगी हा दुसरा टप्पा. मी एकाच कागदावर तीन चौकटी केल्या, माती हाताळणे, परिसरात फेरी, फोटो, आणि खाली अ‍ॅलर्जीचा प्रश्न. "काही अ‍ॅलर्जी आहे का" असं विचारलं की लोक खाण्यापिण्याचंच लिहितात हे मला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं, म्हणून मी वेगळं विचारलं, परागकण, मधमाशीचा डंख, माती किंवा गवताने खाज. दोन मुलांना परागकणांचा त्रास निघाला आणि एकाला डंखासाठी औषध लिहून दिलेलं होतं, जे ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होतं. फेरीला जाताना ते औषध बरोबर न्यायचं, कपाटात नाही, हे लिहून ठेवा कुठेतरी मोठ्या अक्षरात. चोवीसपैकी एकोणीस कागद पहिल्या सोमवारी आले, तीन आठवडाभरात, आणि शेवटचे दोन १३ मार्चला. १२ मार्चला ठरवलेली फेरी त्या दोन कागदांमुळे पुढे गेली. दोघांना मागे ठेवून बाकीच्यांना नेता आलं असतं पण मला ते जमलं नसतं.

२ मार्चला थीम सुरू. पहिल्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही, फक्त विचारलं की वसंत म्हणजे काय, आणि येईल ते उत्तर मोठ्या कागदावर लिहिलं. "फुलं" हे तर आलंच. "शाळेचं नाव?" असंही आलं. एक मुलगा म्हणाला, "ज्याच्यात स्वेटर हरवतो तो." मी मनात म्हटलं ह्याच्यापेक्षा चांगली व्याख्या पाच पानी फॉर्ममध्ये पण नाहीये. तो कागद सात आठवडे भिंतीवर ठेवला आणि शेवटच्या दिवशी त्याच प्रश्नाचा दुसरा कागद केला, मूल्यमापनाला तो सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

त्याच दिवशी सावलीची काठी सुरू केली. मैदानात एक काठी रोवायची, दर सोमवारी ठरलेल्या वेळी, आमची बाराची, सावली मोजायची. पहिल्या आठवड्यात मी खडूने रेघ मारली आणि दुसऱ्या सोमवारपर्यंत ती पुसून गेली, अर्थातच. नशीब की मी पावलांनी मोजून वहीत लिहिलं होतं. मग लोकरीचा धागा सावलीएवढा कापायचा आणि कागदावर शेजारी शेजारी चिकटवायचा असं केलं, आणि चौथ्या धाग्यापर्यंत आपोआप ग्राफ तयार झाला, उतरत जाणारा जिना. उत्तर गोलार्धात मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा सूर्य दर आठवड्याला वर चढत जातो म्हणून सावली आखूड होते, दक्षिणेकडे कोणी वाचत असेल तर तुमचा वसंत सप्टेंबरमध्ये, तेव्हा करा. मुलांना मी पृथ्वीचा कललेला अक्ष वगैरे सांगितलं नाही. एकीने निष्कर्ष काढला की काठी म्हातारी होतेय. मी म्हटलं मग काठीच मोजू, मोजली, काठी तेवढीच होती. त्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मला ते गप्प बसणं फार आवडलं.

२० मार्चला दिवस-रात्र साधारण सारखे असतात ते आम्ही काळ्या-पांढऱ्या बारा-बारा ठोकळ्यांनी दाखवलं. (एका पालकांनी विचारलं की ह्या दिवशी अंडं उभं राहतं ना, ते पण करा. अंडं धीर धरला तर कुठल्याही दिवशी उभं राहतं, त्या दिवसाशी त्याचा संबंध नाही, पण तीन अंडी फुटल्यावर मी हे सांगायच्या मनःस्थितीत नव्हते.)

आता बिया. इथे मी सगळ्यात जास्त चुकले.

राजमा, वाटाणा आणि मका अशी तीन बियाणी घेतली, मोठी असतात, लहान बोटांना धरता येतात. मंगळवारी संध्याकाळी भिजत घातली, बुधवारी ४ मार्चला पारदर्शक ग्लासात, ओल्या कापसात, काचेला चिकटतील अशी लावली म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. एक महत्त्वाचं, कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या होतात, आणि ह्या वयाची मुलं बी नाकात घालतात हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे बिया मोजून द्या आणि मोजून परत घ्या, हात धुवा. गुरुवार, शुक्रवार सगळं छान होतं, बिया फुगल्या, सालं सुरकुतली, आम्ही भिंगातून बघितलं. सोमवारी ९ तारखेला वर्गाचं दार उघडलं आणि वास आला. नऊ ग्लासांत पांढरीशी बुरशी, कापूस चिखलासारखा. झालं असं होतं की येता जाता प्रत्येक मूल प्रेमाने पाणी घालत होतं, स्वतःच्याही आणि शेजाऱ्याच्याही. बीला पाण्याइतकीच हवा लागते, बुडालेलं बी गुदमरतं आणि सडतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण चोवीस प्रेमळ मुलं म्हणजे किती पाणी याचा हिशोब मी केला नव्हता. त्यात शनिवार-रविवार खिडक्या बंद.

त्या दिवशी मी घरी जाऊन रडले थोडी, खोटं कशाला बोलू.

दुसरी फेरी ११ मार्चला. कापूस भिजवून घट्ट पिळायचा, हातात धरला तर थेंब पडता कामा नये. पाण्याचा मग कपाटात, त्याऐवजी ड्रॉपर, आणि रोज दोनच पाणी-मदतनीस ज्यांच्या गळ्यात निळी रिबीन. शिवाय सहा ग्लास जास्तीचे, नाव न लिहिलेले. ज्याचं उगवणार नाही त्याला त्यातला द्यायचा हा विचार. (तो विचार पण पूर्ण चालला नाही, सांगते पुढे.)

आणि मग वाट बघणं. मुलं वर्गात आली की दप्तर ठेवायच्या आधी "टीचर, उगवलं का?" जेवणाआधी "टीचर, उगवलं का?" नंतर परत. एक दिवस मी काड्या मारून मोजलं, एकतीस वेळा विचारलं गेलं. मला आधी वाटत होतं की ह्या वाट बघण्यात मुलांना काहीतरी दुसरं देऊन गुंतवायला हवं, म्हणून मी कागदी फुलं, ठसे, हाताच्या पंज्याची फुलपाखरं सगळं तयार ठेवलं होतं. ते केलं पण, छान दिसलं, बोर्ड भरला. खरं सांगायचं तर चोवीस सारखी कागदी फुलं मला आता बघवत नाहीत, निम्मी तर मीच कापलेली. मुलं ती संपवून परत ग्लासापाशी जाऊन बसायची. तेव्हा मी ठरवलं की वाट बघणं हीच अ‍ॅक्टिव्हिटी, आणि प्रत्येकाला एक वही दिली, रोज आज दिसतं तेवढंच चित्र. "काहीच नाही" याचं पण चित्र काढायचं. एका वहीत सलग चार पानं तोच गोल आहे, पाचव्या पानावर त्याला शेपूट.

शेपूट म्हणजे मूळ. आधी मूळच येतं, खाली जातं. १६ तारखेला आम्ही एक ग्लास आडवा केला आणि दुसऱ्या दिवशी मूळ वळून परत खाली निघालेलं. "त्याला डोळे आहेत का?" असा प्रश्न आला. मी म्हटलं नाही, पण खाली कुठे हे त्याला कळतं. कसं, हे विचारलं नाही कोणी, सुटले. मग राजम्याचा देठ वाकडा होऊन, मान खाली घातल्यासारखा वर आला आणि आपल्या दोन्ही डाळिंब्या घेऊन सरळ झाला. वाटाण्याने मात्र डाळिंब्या खालीच ठेवल्या आणि नुसता कोंब वर पाठवला. मी हे शिकवणार नव्हते, मला वाटलं केजीला फार होईल. एका मुलानेच पकडलं, म्हणाला, "राजमा डोकं घेऊन येतो, वाटाणा डोकं घरी ठेवून येतो." मक्याचं एकच सुरळी झालेलं पान, त्याला त्यांनी भाला म्हटलं.

अंधारातला प्रयोग पण केला, एक ग्लास कपाटात. मला वाटलं होतं की तो मरतुकडा निघेल आणि मी सांगेन, बघा, उजेड हवा. दहा दिवसांनी कपाट उघडलं तर तो सगळ्यात उंच! पिवळा, बारीक, पण खिडकीतल्यांच्या जवळजवळ दुप्पट. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे ग्लास कपाटात ठेवायचे असा एकमुखी ठराव केला. उजेड मिळेपर्यंत रोप बीमधला साठा वापरून नुसतं लांबत जातं, उजेडाच्या शोधात, हे मी विसरलेच होते. मग आम्ही त्याला खिडकीत आणलं, दोन-तीन दिवसांत पानं हिरवी झाली पण खोड पेललं नाही, लवंडलं. काडीला बांधलं. आधी स्वतः घरी करून बघा हा सल्ला मी इथे देते, मी केलं असतं तर तोंडावर पडले नसते.

फेरी शेवटी १६ मार्चला झाली. चार मुलांमागे एक मोठं माणूस असा आमच्याकडचा नियम, म्हणजे सहा जण, त्यातल्या एका पालकांचा सकाळी फोन की येत नाही, मग ऑफिसमधल्या ताईंना विनवलं. "वसंत शोधा" असं सांगून काही होत नाही, मुलं धावतात. आम्ही एका झुडपाच्या एका फांदीला लाल रिबीन बांधली आणि दर सोमवारी तीच फांदी बघायची. पहिल्यांदा घट्ट कळ्या, मग टोकं हिरवी, मग चुरगळलेल्या कागदासारखी पानं. एकच फांदी पाच वेळा बघण्याने जे झालं ते पाच वेगवेगळ्या जागा दाखवून झालं नसतं.

दुसऱ्या फेरीला, म्हणजे २३ मार्चला, लिंबाच्या झाडाच्या पानांवर पक्ष्याची शी दिसली आणि ती चालायला लागली. ती अळी होती, लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या लहान असताना तशाच दिसतात, म्हणजे पक्षी खात नाहीत, आणि मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. दोन लहान, तीन हिरव्या, अशा पाच मिळाल्या. मला वाटलं घेऊन जाऊ वर्गात. तर त्याला वेगळा फॉर्म! "वर्गात सजीव ठेवणे." कोण स्वच्छ करणार, सुट्टीत कोण बघणार, शेवटी सोडणार कुठे. दोन दिवस लागले, तेवढे दिवस पाचही जणी माझ्या घरी ओट्यावर. तो फॉर्म थीमच्या आधीच भरून ठेवा, मिळो न मिळो. आणि केसाळ सुरवंट आणू नका, मुलांना हात लावू देऊ नका, खाज येते आणि पुरळ उठतं. पानं औषध न मारलेल्या झाडाचीच आणि रोज ताजी, त्यांची भूक बघून थक्क व्हायला होतं. डिवचलं की मानेमागून केशरी दोन शिंगं बाहेर काढतात आणि वास सोडतात, हे एकदा दाखवायचं, चोवीस वेळा नाही.

कोशात जायच्या आधी अळी भटकते, जागा शोधते, हे मला माहीत नव्हतं. २९ ला रविवार होता, ३० ला सकाळी डब्यात चारच, झाकण नीट लागलं नव्हतं. अर्धा दिवस सगळे जमिनीकडे बघून चालत होते. शेवटी ती खिडकीजवळच्या एका छोट्या खुर्चीच्या खाली सापडली, कंबरेला रेशमाचा दोरा बांधून टेकलेली. खुर्ची हलवली नाही. वर पाटी लावली, चित्राचीच, आणि दोन आठवडे तिच्यावर कोणी बसलं नाही, ज्याची ती जागा होती तो मांडी घालून खाली बसला, स्वखुशीने.

९ एप्रिलला सकाळी, अंकांच्या तासाला, डब्यातला पहिला कोश उघडला. आदल्या दिवशी तो काळपट झाला होता आणि आतले पंख दिसत होते, तेवढी खूण लक्षात ठेवा. बाहेर आलं तेव्हा पंख ओल्या रुमालासारखे, आणि एक मुलगी रडायला लागली की हे खराब आहे. लटकून बसून ते पंखात अंगातला द्रव भरतं, मग वाळवतं, तास-दोन तास लागतात, हात लावायचा नाही, मदत करायची नाही. अंक राहिले त्या दिवशी. खुर्चीखालचं १० ला निघालं, दुसरी दोन १३ ला, सगळी त्याच झाडापाशी सोडली.

पाचवा कोश मात्र तपकिरीच राहिला. १५ तारखेला त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि डब्यात मुंगीपेक्षा लहान, चमकणाऱ्या माश्या. परजीवी गांधीलमाशी, कोश ताजा मऊ असतो तेव्हा त्यात अंडी घालते, पिल्लं आतून खातात. आमच्या डब्याची जाळी मोठ्या भोकांची होती, बारीक कापड लावायला हवं होतं. डबा गुपचूप हलवावा असं पहिल्यांदा मनात आलं, पण तोपर्यंत तीन जण भिंग घेऊन बसले होते. "फुलपाखरू कुठे गेलं?" मी म्हटलं ते झालंच नाही, ह्या माश्यांच्या पिल्लांनी ते खाल्लं. शांतता. मग एक जण म्हणाला, "त्यांना भूक लागली असेल." आणि दुसरी, "पण मला फुलपाखरू हवं होतं." दोन्ही वहीत लिहून घेतलं. रात्री एका पालकांचा मेसेज आला की असलं भयानक कशाला दाखवता. उत्तर सकाळी दिलं, रात्री दिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं.

खर्चाचं सांगते. बिया जवळजवळ फुकट. पैसे गेले ते भिंगांत, पारदर्शक ग्लासांत आणि जाळीच्या डब्यात. सात पावत्या दिल्या, दोन नामंजूर कारण तारीख नव्हती, ते माझ्या खिशातून. दुकानात उभ्या उभ्याच तारीख बघा. नोंदी प्रत्येक मुलाच्या तीन, म्हणजे बहात्तर, ह्याची मला धास्ती होती, पण रोज फक्त चार मुलांकडे लक्ष ठेवून चिकट कागदावर एकच वाक्य लिहिलं, त्यांचं स्वतःचं, सहा दिवसांत एक फेरी होते. शेवटच्या आठवड्यात बसून लिहायचं ठेवलं तर सगळ्यांच्या नावापुढे "रस घेतला" एवढंच येतं.

ते जास्तीचे ग्लास. एका मुलीचं बी दोन्ही फेऱ्यांत उगवलं नाही. मी तिला छान वाढलेला बिननावाचा ग्लास दिला, तिने बघितला आणि परत ठेवला, "हे माझं नाहीये." मग आम्ही तिचं बी काढून सुईने उघडून बघितलं, आत मऊ, तपकिरी. तिने ते वाफ्यात पुरलं आणि वहीत तपकिरी रंगाने पूर्ण पान भरलं. १७ तारखेला बाकी सगळे ग्लास घेऊन घरी गेले आणि ती वही घेऊन गेली, तिची वही सगळ्यात जाड होती.

थीम पूर्ण झाल्याचा फॉर्म एक पानाचा आहे, तो अजून माझ्या टेबलावर आहे. खुर्ची पण तशीच, खाली कोशाचं रिकामं टरफल चिकटलेलं. सफाईच्या मावशी रोज विचारतात, काढू का हे आता, आणि मी म्हणते मुलांना विचारा, आणि मुलं म्हणतात नाही.